ऑटिझमची तपासणी: आत काय होतं आणि घरून काय न्यायचं

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाबांचा प्रश्न आहे. मुलगा पावणेचार वर्षांचा. हाक मारली तर वळून बघत नाही, उलट्या सायकलचं चाक तासभर फिरवत बसतो. दीड वर्षाचा असताना ‘माय’, ‘पाणी’, ‘बाबा’ असे चार-पाच शब्द बोलायचा, ते नंतर गेले. अंगणवाडीत आलेल्या आरोग्य पथकानं जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी दिली आहे. तिथे नेमकं काय करतात, सुई किंवा मशीन लागतं का, एका दिवसात समजतं का आणि सोयाबीन निघाल्यावर नेलं तर चालेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

सुईपासून सुरू करतो. ऑटिझम, म्हणजे माणसांशी देवाणघेवाण अवघड जाणं आणि तेच तेच करणं ज्यात दिसतं अशी मेंदूच्या वाढीतली अडचण, रक्तात किंवा डोक्याच्या फोटोत दिसत नाही, म्हणून एमआरआय किंवा रक्ततपासणी करून त्याचं निदान होत नाही. तज्ज्ञ तुमच्याशी सविस्तर बोलतात, लेकराशी खेळतात, त्याला खेळताना बघतात आणि काही ठरावीक चाचण्या घेतात. एक बैठक साधारण दीड-दोन तासांची असते आणि बहुतेकांना दोन-तीन खेपा पडतात. त्या दोन तासांत तज्ज्ञांना लेकराचा लहानसा तुकडाच दिसतो, तोही अनोळखी खोलीत. उरलेलं सगळं चित्र तुमच्या सांगण्यातून उभं राहतं. त्यामुळे घरून काय माहिती नेता यावर तपासणीचा दर्जा बराच अवलंबून असतो, आणि ही तयारी पैशाशिवाय होते.

चिठ्ठी देणारं पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं असतं. हा कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला आणि जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. पथकानं शोधलेली मुलं जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे जातात. दवाखान्यात त्याला ‘डीईआयसी’ म्हणतात, त्याच नावानं विचारा. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा व श्रवणतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि विशेष शिक्षक एकाच छताखाली असावेत, अशी त्याची रचना आहे. प्रत्यक्षात एखादी जागा रिकामी असते किंवा मानसशास्त्रज्ञ ठरलेल्या वारीच बसतात. म्हणून आशाताईंकडून किंवा चिठ्ठीवरच्या नंबरवरून वार विचारून घ्या, मगच एसटी धरा. तिथे तारीख फार लांबची मिळाली, तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा बालरोग किंवा मानसोपचार विभाग, वर्धा जिल्ह्यातली सेवाग्राम आणि सावंगी मेघे इथली वैद्यकीय महाविद्यालयं आणि नागपूरचं एम्स हे पर्याय आहेत. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांना तो निर्णय लागू नाही, तिथे थोडं शुल्क पडतं. खाजगीत जाणार असाल तर एक गोष्ट पक्की बघा: तपासणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेली क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे का. नोंदणी क्रमांक अहवालावर असतो. तो नसेल तर पुढे दिव्यांग प्रमाणपत्राच्या वेळी अहवाल अडतो.

आधी कान तपासून घ्या. हाकेला न वळणारं लेकरू ऐकूच शकत नसेल, ही शक्यता बाजूला काढल्याशिवाय पुढचं निदान भक्कम होत नाही. ‘टीव्हीवरचं गाणं लागलं की धावत येतो, म्हणजे ऐकतो’ असं घरचे सांगतात, पण काही आवाज ऐकू येणं आणि बोलणं समजेल इतकं नीट ऐकू येणं यात फरक आहे. त्यासाठीच्या तपासणीला ‘बेरा’ म्हणतात. कपाळावर आणि कानामागे चिकटपट्ट्या लावतात, कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत तो पोचतो का ते मशीन नोंदवतं. दुखत नाही, पण लेकरू गाढ झोपलेलं लागतं. नेमकी इथेच अनेकांची खेप वाया जाते: पहाटे उठलेलं पोरगं बसमध्ये दीड तास झोपतं आणि खोलीत गेल्यावर टक्क जागं होतं. आदल्या रात्री उशिरा झोपवा, पहाटे लवकर उठवा आणि वाटेत झोपू देऊ नका. झोपेचं औषध द्यायचं ठरलं तर आधी किती तास खाणं-दूध बंद ठेवायचं ते डॉक्टरांकडून स्पष्ट विचारून घ्या. सर्दी किंवा कानात मळ असेल तर तो आधी दाखवा, नाहीतर तपासणी पुढे ढकलतात. मानसशास्त्रज्ञांच्या बैठकीसाठी मात्र लेकरू झोप झालेलं आणि पोट भरलेलं हवं. म्हणून दोन्ही तपासण्या एकाच सकाळी मिळत असल्या तरी घेऊ नका. झोपेच्या औषधाच्या अंमलातलं मूल चाचणीत उगाच मागे दिसतं.

बोललेले शब्द गेले, हे तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. ऑटिझममध्ये दीड ते दोन वर्षांच्या सुमारास काही मुलांचे शब्द जातात, ते या वर्णनात बसतं. तरीही कोणत्या महिन्यात गेले, हळूहळू की अचानक, त्या काळात झटके आले होते का, नजर मध्येच थिजायची का, चालणं किंवा हाताचं काम बिघडलं का, हे सांगाच. झटक्यांची शंका असेल तर डॉक्टर ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद) सांगतात, आणि ती तपासणी टाळू नये. आपल्या भागात सिकलसेल बराच आहे. लेकराचं सिकलसेलचं कार्ड असेल तर पहिल्यांदा तेच दाखवा, कारण अशा मुलाचं बोलणं एकाएकी गेलं किंवा एक बाजू लुळी वाटली तर आधी मेंदूच्या पक्षाघाताची शक्यता तपासावी लागते, आणि त्यासाठी तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो. कधी कधी शब्द जाण्याचा महिना आणि लसीचा महिना एकच येतो. लसीमुळे ऑटिझम होत नाही, हे अनेक देशांतल्या मोठ्या अभ्यासांत तपासलं गेलं आहे. पुढचा डोस चुकवू नका.

आता बैठकीबद्दल. पहिला भाग प्रश्नांचा असतो आणि तो लांब चालतो. बाळंतपणात काय झालं, लगेच रडला का, वजन किती होतं, काचेत ठेवलं होतं का, कावीळ किंवा फिट आली होती का. मान कधी धरली, कधी बसला, कधी चालला, अर्थ समजून पहिला शब्द कधी बोलला. नात्यात लग्न झालं आहे का, घरात कुणी उशिरा बोललेलं आहे का, हेही विचारतात. त्यात दोष काढण्याचा हेतू नसतो, वैद्यकीय इतिहास म्हणून ते लागतं. महिने आठवत नसतील तर अंदाजानं आकडा ठोकू नका. सणांवरून काढा: पोळ्याला धरून चालत होता का, संक्रांतीला स्वतः उभा राहत होता का. घरी बसून आजी, आत्या, मावशी यांच्याकडून असं एक पान लिहून आणा. बाळंतपणाचा डिस्चार्ज कागद, माता-बाल संरक्षण कार्ड आणि आधीच्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या याच पिशवीत ठेवा.

यानंतर रोजच्या वागण्याचे प्रश्न येतात. निदानाचे निकष दोन भागांत आहेत. पहिला भाग माणसांशी देवाणघेवाण: भावना आणि गोष्टी वाटून घेणं, नजर-हातवारे-चेहरा वापरणं, आणि नाती व सोबतचा खेळ. या तिन्ही बाबतींत अडचण दिसावी लागते. दुसरा भाग तेच तेच करण्याचा: एकसारख्या हालचाली किंवा तेच शब्द, ठरल्या पद्धतीचा हट्ट, एखाद्याच गोष्टीचं जबर वेड, आणि आवाज-स्पर्श-उजेड यांबद्दल जास्त किंवा कमी संवेदना. या चारपैकी किमान दोन गोष्टी लागतात. म्हणजे चाक फिरवतो एवढ्यावर ऑटिझम म्हणत नाहीत, आणि बोलत नाही एवढ्यावरही नाही.

‘नजर मिळवतो का?’ असं विचारलं तर ‘हो, मिळवतो’ असं झटकन सांगितलं जातं, आणि तिथेच माहिती निसटते. तज्ज्ञांना प्रसंग हवा असतो. आकाशात विमान गेलं तर तो फक्त विमानाकडे बघतो, की बोट दाखवून तुमच्याकडे वळतो, ‘तुम्हीही पाहा’ अशा नजरेनं? मुरमुरे हवे असतील तर डब्याकडे बोट करतो, की तुमचा हात धरून डब्यावर नेऊन ठेवतो? तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी दिला तर त्याला चारा घातल्यासारखं करतो, दोरीनं ओढतो, की उलटा करून फक्त चाकं फिरवतो? तुम्हाला लागलं आणि ‘आई गं’ म्हणालात तर वळून बघतो का? कुकरच्या शिट्टीला, डीजेला कान झाकतो का? रोजच्या वाटेनं न जाता दुसऱ्या गल्लीतून नेलं तर काय करतो? असे दहा-बारा प्रसंग लिहून आणा, आणि प्रत्येकापुढे हे दिवसातून किती वेळा होतं ते लिहा. जे छान जमतं तेही लिहा. घरचे फक्त तक्रारी घेऊन येतात आणि मूल ओळखीच्या मामाला बघून हसत धावतं हे सांगायचं राहून जातं. तेही निदानाला तितकंच लागतं.

किती वेळा होतं हे महत्त्वाचं का, तर भारतात वापरली जाणारी ‘इसा’ ही मोजपट्टी त्यावरच चालते. तिच्यात सहा भागांत ४० मुद्दे आहेत आणि प्रत्येकाला ती गोष्ट किती वारंवार घडते यावरून १ ते ५ गुण मिळतात. एकूण ७० च्या खाली ऑटिझम धरत नाहीत, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि १५३ च्या वर तीव्र. दिव्यांगत्वाची टक्केवारीही या गुणांवरूनच ठरते. निदानासाठी २ ते ९ वर्षांच्या मुलांत ‘आयएनडीटी-एएसडी’ ही भारतीय प्रश्नावली वापरतात. काही ठिकाणी १५ मुद्द्यांची ‘कार्स’ ही मोजपट्टी असते. मोठ्या केंद्रांत ‘एडॉस’ नावाची, खेळातून निरीक्षण करण्याची पद्धत असते. ती नाही मिळाली म्हणून तपासणी कच्ची ठरत नाही. अनुभवी तज्ज्ञानं वेळ देऊन घेतलेली माहिती जास्त मोलाची. मोबाइलवर फिरणारी २० प्रश्नांची ‘एमचॅट’ चाळणी १६ ते ३० महिन्यांच्या बाळांसाठी आहे, पावणेचार वर्षांच्या मुलावर ती भरून काही हाती लागत नाही.

लेकरासोबतचा भाग बाहेरून खेळासारखा दिसतो. साबणाचे फुगे सोडून मध्येच थांबतात आणि तो मागतो का, कसा मागतो, ते बघतात. मागून नावानं हाक मारतात. बाहुलीला जेवू घालायला सांगतात. झाकण घट्ट लावलेल्या डब्यात खाऊ देतात. या वेळी मदत करायची अनावर इच्छा होते: ‘बघ ना राजा, मॅडम बोलावतात’, किंवा त्याची हनुवटी धरून चेहरा वळवणं. असं करू नका. तो न वळणं हीच तिथे हवी असलेली माहिती आहे. रडला, टेबलाखाली शिरला, तरी तज्ज्ञांना त्याचा राग येत नसतो. शांत ठेवायला मोबाइल देऊ नका, एकदा हातात आला की तो काढून घेण्यातच बैठक संपते. त्याचं आवडतं एखादं खेळणं, ओळखीचा खाऊ, पाणी आणि बदलायचे कपडे न्या.

दीड-दोन मिनिटांचे पाच-सहा व्हिडिओ करून ठेवा: मागून हाक मारलेली, जेवताना, एकटा खेळताना, चुलत भावंडांत सोडल्यावर, आणि चिडतो तेव्हा. त्याला काही सांगू नका, फक्त फोन धरून राहा. बारशाचे, पहिल्या वाढदिवसाचे जुने व्हिडिओ असतील तर ते फार उपयोगी, कारण शब्द जाण्याआधी तो कसा होता ते त्यात दिसतं. सगळे फोनमध्ये उतरवून ठेवा. दवाखान्यात आत नेटवर्क मिळेलच असं नाही.

बुद्धीची आणि विकासाची चाचणी वेगळी असते. सेग्विन फॉर्मबोर्ड म्हणजे लाकडी पाटी, तिच्यात दहा आकार बसवायचे. तीन वेळा बसवून घेतात आणि सगळ्यात कमी लागलेला वेळ धरतात. पुष्कळ ऑटिस्टिक मुलं हे भराभर करतात आणि तोंडी प्रश्नांत मात्र थांबतात. असं एकीकडे वर, एकीकडे खाली चित्र असेल तर सरासरीचा एकच आकडा मुलाबद्दल फार थोडं सांगतो, म्हणून भागवार निकाल मागून घ्या. मोठ्या मुलांना बिने-कामत चाचणी देतात. व्हीएसएमएस या सामाजिक परिपक्वतेच्या मापनात तुम्हालाच विचारतात: हातानं जेवतो का, चड्डी काढतो का, शी-शू सांगतो का, धोका ओळखतो का. इथे एक घोळ नेहमी होतो. आजी भरवते म्हणून तो हातानं जेवत नाही, की दिलं तरी जमत नाही? दोन्हींचं उत्तर घरचे ‘नाही’ असंच देतात आणि मूल आहे त्यापेक्षा मागे मोजलं जातं. तपासणीच्या आधी पंधरा दिवस थोडा वरण-भात त्याच्यासमोर ठेवून बघा, मग खरं काय ते सांगता येईल.

भाषेचं आधीच सांगा. तांड्यावर गोरमाटी, मेळघाटात कोरकू, इकडे कोलामी किंवा गोंडी घरात बोलत असतील आणि तज्ज्ञ मराठीतून सूचना देत असतील, तर मूल न समजल्यानं गप्प बसतं आणि ते गप्प बसणं लक्षण म्हणून लिहिलं जाऊ शकतं. दोन्ही भाषा येणारं नात्यातलं माणूस न्या, आणि त्याला एवढं समजावा की जे विचारलं तेवढंच सांगायचं, इशारा किंवा उत्तर पुरवायचं नाही. सोबत आई हवीच, आणि शक्य असेल तर वडीलही. दिवसभर मूल आजीपाशी असेल तर आजीला न्यायला जास्त अर्थ आहे.

मोबाइलमुळे झालं का, असं घराघरांत विचारलं जातं. दिवसभर पडद्यासमोर बसलेल्या मुलाचं बोलणं मागे पडतं, नजर कमी होते आणि चित्र ऑटिझमसारखं दिसू शकतं. पण ‘आधी मोबाइल बंद करून सहा महिने बघू’ म्हणून तारीख सोडू नका. बंद आजच करा, तपासणीही करा. किती तास बघत होता ते खरं सांगा. लाजून कमी सांगितलं तर तज्ज्ञांचा अंदाज चुकतो.

सगळं झाल्यावर निकाल समजावून सांगायला वेगळी वेळ मागा. नुसता कागद घेऊन परत फिरू नका. अहवालात चाचण्यांची नावं, तारखा, भागवार गुण, निष्कर्ष, सोबतच्या इतर अडचणी, पुढच्या शिफारशी आणि सही-नोंदणी क्रमांक असावा. ‘ऑटिझमसारखी लक्षणं’ एवढंच लिहिलं असेल तर थेट विचारा: निदान झालं आहे की अजून शंका आहे? शंका असेल तर कशामुळे, आणि पुन्हा कधी बघणार? कधी कधी सहा महिन्यांनी परत बोलावणं योग्यच असतं. पण वाचा उपचार, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमवायला शिकवणारा उपचार) आणि घरी करायचा खेळ यांना निदानाच्या शिक्क्याची वाट बघावी लागत नाही, ते त्याच आठवड्यात सुरू होऊ शकतं. घरी रोज काय करायचं हे विशेष शिक्षकाकडून करून दाखवून घ्या आणि फोनवर रेकॉर्ड करा. आठवड्यातून एकदा जिल्ह्याला जाऊन जे होतं, त्यापेक्षा घरचं रोजचं अर्धा-पाऊण तास जास्त कामी येतं. स्टेम सेलच्या सुया किंवा दाबाच्या ऑक्सिजनच्या पेटीनं ऑटिझम बरा करतो असं कुणी सांगितलं तर त्यासाठी वावर गहाण टाकू नका. या उपचारांचा ऑटिझमवर उपयोग सिद्ध झालेला नाही.

प्रमाणपत्र हा निदानानंतरचा टप्पा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, आणि ४० टक्क्यांपासून बहुतेक लाभ सुरू होतात. यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या राष्ट्रीय ओळखपत्राच्या) संकेतस्थळावर नोंदणी करायची, मग जिल्हा रुग्णालयाचं मंडळ ठरलेल्या वारी बघतं. आधार कार्ड, फोटो आणि मूळ अहवाल लागतो. अहवाल लॅमिनेट करू नका, शिक्के मारता येत नाहीत. लहान मुलाला मिळालेल्या प्रमाणपत्राला मुदत असू शकते, ती तारीख बघून ठेवा. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची ‘निरामय’ विमा योजना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा खर्च देते आणि तिच्यात थेरपीही येते. मंडळासमोर टक्केवारी वाढावी म्हणून लक्षणं वाढवून सांगू नका. पुढच्या तपासणीत गुण जुळत नाहीत आणि शाळेसाठीची आखणीही चुकीच्या पायावर होते.

सोयाबीनचा प्रश्न राहिला. सोंगणीत मजुरी बुडते, गाडीभाडं लागतं, हे खरं आहे. तरी शब्द गेलेल्या मुलाला आणखी दोन-तीन महिने घरी ठेवणं मला पटत नाही. या आठवड्यात डीईआयसीचा वार विचारून घ्या, पहिली खेप कानाच्या तपासणीची ठेवा आणि मानसशास्त्रज्ञांची तारीख त्याच दिवशी मागून या. ती कापूस वेचणीत आली तर आईनं आजीला घेऊन जायला हरकत नाही. अडचणीचा दिवस आधी सांगितला तर तारीख पुढेमागे करून मिळते. मात्र न सांगता चुकवलेल्या तारखेनंतर पुन्हा रांगेच्या शेवटी लागावं लागू शकतं.